साखरखेर्ड्याची फत्ते आणि वऱ्हाडचे गहाणखत

विधिमंडळातल्या गोंधळाची बातमी आली, एखाद्या कचेरीत गरिबाचा कागद चार महिने अडकून पडला, की आमच्या अमडापुरात पारावर, जिनिंगच्या दारात, चिखली-खामगावच्या एसटीत आणि शिकल्यासवरल्यांच्या बैठकीतही एक वाक्य हमखास उच्चारले जाते : आता ह्या देशाला एखादा लष्करी माणूसच पाहिजे. हे वाक्य बोलणारा मनुष्य दुष्ट नसतो; बहुधा तो अन्यायाने गांजलेला असतो, आणि म्हणूनच त्याचे बोलणे हसण्यावारी नेणे मला उचित वाटत नाही. परंतु ते बोलणे साफ चुकीचे आहे, आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाच्या तोंडून ते ऐकले की माझा संताप आवरत नाही. कारण बल्लाळदेवीच्या टेकडीवरून दक्षिणेकडे पाहिले असता जो मुलूख पसरलेला आहे, त्याच मुलखात साखरखेर्ड्याच्या रानावर १७२४ च्या ऑक्टोबरात ह्या वाक्याची परीक्षा होऊन गेलेली आहे, आणि तिचा निकाल वऱ्हाडच्या रयतेने पिढ्यान् पिढ्या भोगलेला आहे. साखरखेर्डे आज प्रल्हाद महाराजांच्या नावाने ओळखले जाते, हे त्या गावाचे भाग्य. पण जेत्याने त्या गावाचे नाव बदलून फत्तेखेर्डे ठेवले होते, ही गोष्टही विसरण्याजोगी नाही.

ज्यांनी चार पुस्तके चाळली आहेत ते ह्या मताची मांडणी अधिक नेटकेपणाने करतात. ते म्हणतात : औरंगजेबामागे मोगल पातशाही आतून किडली होती, महंमदशहाच्या दरबारात कर्त्या माणसाला किंमत नव्हती, निजामुल्मुल्कासारखा मुरब्बी सेनानी १७२२ साली वजीर झाला, त्याने कारभार सुधारण्याच्या योजना मांडल्या, आणि दरबारी मंडळींनी त्या धुडकावल्या. तेव्हा तो दक्षिणेत निघून आला, साखरखेर्ड्यावर त्याने मुबारिजखानाला मारले, आणि जी दौलत उभी केली ती १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत, म्हणजे २२४ वर्षे, टिकली. एवढ्यावर न थांबता ते चीनचेही उदाहरण देतात. १९१२ साली मांचू घराणे सिंहासनावरून उतरले तेव्हा त्या अफाट देशात शिस्तीची फौज युआन शिकाई ह्या एकाच पुरुषाच्या हाताशी होती. वकील आणि विद्यार्थी ह्यांनी संविधानाच्या दोऱ्यांनी त्याचे हात बांधले नसते, तर चीनची पुढली दैना टळली असती. लोक प्रजासत्ताकाला तयारच नव्हते, आणि १९१५ साली फ्रँक गुडनाऊ ह्या अमेरिकन पंडितानेही चीनला राजसत्ताच मानवेल असे लिहून दिले होते. किडलेली सत्ता, कर्ता सेनापती, टिकाऊ व्यवस्था आणि अप्रगल्भ प्रजा, अशा चार खांबांवर हा मांडव उभा आहे.

पहिला खांब असा की सेनापतीने सत्ता हिरावली नाही, रस्त्यावर पडलेली उचलली. हे खरे आहे काय? १७२० साली निजामुल्मुल्क माळव्याचा सुभेदार होता. त्या सुभ्याच्या बंदोबस्तासाठी जमवलेली फौज घेऊन त्याने नर्मदा ओलांडली, असीरगड व बऱ्हाणपूर घेतले, खांडव्याकडे दिलावर अलीखानाला आणि ऑगस्टात आमच्याच वऱ्हाडातल्या बाळापुरानजीक आलम अलीखानाला बुडवले. त्या वेळी दिल्लीत सय्यद बंधू पातशहा बसवीत आणि उठवीत होते, तेव्हा ह्या पहिल्या स्वारीपुरते त्याला काही निमित्त होते, इतके मी मान्य करतो. ह्याहून अधिक नाही. कारण सय्यदांचा निकाल लागल्यावर तो स्वतः वजीर झाला. पातशाहीची दुरुस्ती करण्याचा अधिकार ज्या एका मनुष्याला होता, तोच १७२३ च्या अखेरीस शिकारीचे निमित्त सांगून दिल्लीबाहेर पडला, आणि रजा न घेता दक्षिणेत उतरला. छप्पर गळते म्हणून जो वासे काढून नेतो, त्याला घर सावरणारा म्हणावे काय? पंधरा वर्षांनी नादिरशहा कर्नाळपर्यंत आला, आणि दिल्लीची लूट व कत्तल झाली. अयोध्येचा सादतखान काय, दक्षिणेचा निजामुल्मुल्क काय, ज्या ज्या कर्त्या पुरुषाने आपापला सुभा वेगळा काढला, त्या प्रत्येकाच्या कर्तेपणाचा वाटा त्या कत्तलीत आहे. केंद्र दुबळे होते म्हणून सरदार निघून गेले, एवढेच सांगून लोक थांबतात. सरदार फौजफाटा आणि वसूल घेऊन निघून गेले म्हणून केंद्र दुबळे झाले, हा अर्धा भाग कोण सांगणार?

युआन शिकाईची कथा ह्या बाबतीत इतकी जुळती आहे की दोन्ही प्रकरणे एकाच दप्तरातली वाटावीत. सरकारी परीक्षांत नापास झालेला होनान प्रांतातला हा मनुष्य कोरियातल्या नोकरीतून वर चढला. १८९५ पासून तिएनत्सिनजवळ शिआवझान येथे त्याने नव्या कवायतीची फौज तयार केली, आणि त्या फौजेतले अधिकारी दरबाराला नव्हे तर युआनला ओळखणारे झाले. १९०९ च्या जानेवारीत दरबाराने पाय दुखतो असे कारण लावून त्याला घरी पाठवले. १९११ च्या ऑक्टोबरात वूचांगला बंड झाले आणि घाबरलेल्या दरबाराने त्याला परत बोलावले, तेव्हा त्याने उत्तर पाठवले की पाय अजून बरा झालेला नाही. पायाचे दुखणे बरे झाले ते सर्व फौजेचा अधिकार आणि पंतप्रधानपद पदरात पडल्यावर. मग त्याच्या फौजेने क्रांतिकारकांवर एक-दोन तडाखे हाणले आणि ती थांबली; कारण दरबाराला क्रांतिकारकांचे भय आणि क्रांतिकारकांना त्याचे भय, ही दोन्ही भये जिवंत राहण्यातच त्याचे हित होते. १२ फेब्रुवारी १९१२ रोजी बालसम्राटाने राज्यत्याग केला, सुन यत्सेन ह्यांनी आपले हंगामी अध्यक्षपद सोडले, आणि १० मार्चला युआन हंगामी अध्यक्ष झाला. एकाची शिकार, दुसऱ्याचा पाय! ह्याला पडलेली सत्ता उचलणे म्हणत नाहीत; ती पडेपर्यंत हात राखून ठेवणे म्हणतात.

दुसरा खांब कर्त्या सेनापतीचा; त्यातला सनदेचा प्रश्न ह्याहून गंभीर आहे. साखरखेर्ड्यावर बंडखोर कोण होता? मुबारिजखान हैदराबादचा अधिकारी होता, आणि दक्षिणेच्या सुभेदारीचे पातशहाचे हुकूम त्याच्याजवळ होते. ज्याच्यापाशी सनद होती तो दोन मुलांसह रणात पडला. ज्याच्यापाशी सनद नव्हती तो जिंकला. आणि पुढल्याच वर्षी त्याच महंमदशहाने त्याच सुभेदारीवर जेत्याला कायम करून आसफजाह हा किताब दिला. प्रेत उचलल्यावर जे फर्मान येते, त्या फर्मानाला कायदा मानायचे असेल, तर दरोडेखोराने मागाहून करून घेतलेले खरेदीखतही मानावे लागेल. युआननेही १९१३ च्या ऑक्टोबरात असेच खत करून घेतले. नागरिकांचे पथक म्हणवणाऱ्या जमावाने पार्लमेंटला वेढा घातला, आणि तिसऱ्या फेरीत तो अध्यक्ष निवडून येईपर्यंत सभासदांना बाहेर पडू दिले नाही. महिन्याभरात त्याने विरोधी पक्ष बेकायदा ठरवला, १९१४ च्या आरंभी पार्लमेंटच मोडले, आणि १९१५ च्या अखेरीस प्रतिनिधी म्हणून जमवलेल्या १,९९३ माणसांनी राजसत्तेचा कौल दिला. विरोधात मते किती? एकही नाही. चार भावांच्या वाटणीतही ज्या गावात एकमत होत नाही, त्या गावच्या माणसांनी ह्या आकड्याला लोकमत म्हणावे काय?

चौथा खांब लोकांच्या अप्रगल्भतेचा; तो आधी घेतो. १९१२ च्या अखेरीस आणि १९१३ च्या आरंभी चीनमध्ये निवडणुका झाल्या. सुमारे चार कोटी पुरुषांना मताधिकार होता. मतदान झाले, आणि सर्वांत मोठा ठरलेला कुओमिंतांग पक्ष मंत्रिमंडळ बनवण्याच्या तयारीला लागला. त्या पक्षाचा तरुण नेता सुंग चिआवजेन ह्याच्यावर २० मार्च १९१३ रोजी शांघायच्या रेल्वे स्थानकावर गोळी झाडली गेली आणि दोन दिवसांनी तो वारला. तपासाचे धागे युआनच्या सरकारातल्या माणसांपर्यंत जाऊन पोचले. प्रजासत्ताकाला तयार कोण नव्हते, रांगेत उभे राहून मत देणारे लोक, की बंदुकीवाचून दुसरी भाषा न येणारा सेनापती? लोक तयार नाहीत, हे वाक्य मी आजवर फक्त अशांच्याच तोंडून ऐकले आहे, ज्यांना लोकांची तयारी झालेली परवडणार नव्हती.

आता तिसऱ्या आणि सर्वांत भक्कम समजल्या जाणाऱ्या खांबाकडे, म्हणजे टिकाऊ व्यवस्थेकडे वळतो. येथे मी सावकाश बोलणार आहे, कारण हा हिशेब आमच्या घरचा आहे.

फौजेला रोज जेवण लागते, घोड्याला दाणा लागतो, तोफेला दारू लागते, आणि ज्याची सत्ता रयतेच्या संमतीवर नव्हे तर फौजेवर उभी आहे, त्याला आधी फौजेचा तनखा आणि मग बाकीचे सर्व, हा क्रम कधी मोडता येत नाही. १७२८ साली पालखेडला पेशवा बाजीरावाने निजामाला कोंडीत पकडले, आणि मुंगी-शेवगावच्या तहाने चौथाई-सरदेशमुखी त्याला मान्य करावी लागली. तेव्हापासून वऱ्हाडात दुअंमल माजला. निजामाचे अंमलदार वसुलाला येत आणि नागपूरकर भोसल्यांचे कमाविसदारही येत. शेत एक, नांगर एक, आणि खळ्यावर उभे राहणारे हात दोन धन्यांचे. १८०३ च्या नोव्हेंबरात अडगावची लढाई झाली, देवगावच्या तहाने भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला, आणि वऱ्हाड जवळजवळ निखळ निजामाचे झाले. मग तरी रयतेला स्वास्थ्य लाभले काय? हैदराबादच्या दिवाणाने वसुलाचे इजारे सावकारांना दिले; पुरणमल गेला आणि पेस्तनजींची पेढी आली; ज्याने दरबाराला आगाऊ रक्कम दिली त्याने ती कुणब्याच्या घरातून काढली, आणि आगाऊ रकमेची इतकी घाई का, तर फौजेचे पगार तुंबलेले.

आणि ते पगार भागवण्याची रीत पाहावी. १७५३ साली फ्रेंच सेनानी बुसीच्या पलटणींच्या खर्चापोटी पूर्व किनाऱ्यावरचे चार सरकार फ्रेंचांना तोडून दिले; १७६६ साली तोच प्रदेश इंग्रजांच्या पदरात गेला; १८०० साली तैनाती फौजेच्या खर्चापोटी बल्लारी-कडप्प्याकडचा मुलूख इंग्रजांना दिला; आणि १८५३ च्या मे महिन्यात, हैदराबाद कंटिन्जंट ह्या फौजेच्या थकलेल्या खर्चाचे चाळीस लाखांहून अधिक कर्ज डोक्यावर असताना, निजाम नासिरुद्दौल्याने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. गहाणाची ही मालिका आकस्मिक नाही. साखरखेर्ड्यावर जी दौलत तलवारीने मिळाली, ती तलवार दुसऱ्याकडून भाड्याने आणण्याची पाळी आली तेव्हा भाड्यापोटी तुकड्या-तुकड्याने गेली, आणि त्यातला एक तुकडा आपण आहोत. १९०२ साली व्हाइसरॉय कर्झनने हे गहाण कायमच्या पट्ट्यात बदलले, वर्षाला पंचवीस लाख रुपये निजामाला आणि वऱ्हाड इंग्रजाला. आणि १९३६ साली निजामाच्या वारसाला वऱ्हाडचा राजपुत्र हा किताब मिळाला, म्हणजे जमीन गेल्यावर जमिनीचे नाव तेवढे घरात राहिले. तेव्हा २२४ वर्षांचा जो डौल मिरवला जातो, त्यातून दुअंमलाची वर्षे वजा करा, गहाणाची वर्षे वजा करा. ज्या वऱ्हाडातल्या फत्तेखेर्ड्यावर ही दौलत उभी राहिली, त्या वऱ्हाडात तिचा निर्वेध अंमल १८०३ ते १८५३ अशी फार तर पन्नास वर्षे होता, आणि तीही इजारेदारांच्या हाती गेली. ह्याला टिकाऊ व्यवस्था म्हणायचे असेल, तर मोडलेल्या कोणत्या व्यवस्थेला मोडलेली म्हणणार?

युआन शिकाईने ह्याच रस्त्यावरचा प्रवास फार वेगाने उरकला. १९१३ च्या एप्रिलात पार्लमेंटला न विचारता त्याने पाच राष्ट्रांच्या बँकांकडून अडीच कोटी पौंडांचे कर्ज घेतले आणि देशाच्या मिठावरील कराचे उत्पन्न तारण म्हणून लिहून दिले. त्या खात्यावर देखरेखीसाठी जो इंग्रज अधिकारी बीजिंगला गेला, तो सर रिचर्ड डेन, ह्यापूर्वी हिंदुस्थानच्याच मीठ आणि अबकारी खात्याचा प्रमुख होता. ज्या मिठाच्या कायद्याने आमची रयत गांजली, त्याच खात्यातला अनुभवी हात चीनच्या मिठावर जाऊन बसला, आणि तो बसवणारा पुरुष राष्ट्राचा तारणहार म्हणवत होता. कर्जाचे पैसे हाती येताच दक्षिणेकडील प्रांतांचे बंड त्याने चिरडले. १९१५ साली जपानने एकवीस मागण्या पुढे टाकल्या, तेव्हा लोकांशी नाते तोडून बसलेल्या ह्या बळकट पुरुषाला मे महिन्यात त्यांतल्या बहुतेक मान्य कराव्या लागल्या. बळ कोणाविरुद्ध वापरले गेले? आपल्याच प्रांतांविरुद्ध. आणि नमते कोणापुढे घेतले? परक्यापुढे.

पुढे सम्राटपदाचा मोह झाला. युन्नान प्रांतात सेनानी त्साय ओ उठला, युआनच्या हाताखाली वाढलेल्या सेनानींनीच त्याचा हात सोडला, २२ मार्च १९१६ रोजी त्याने राजपद रद्द केले आणि ६ जूनला तो मेला. मागे काय उरले? शिस्तीची ती फौज तुकड्या होऊन एकेका सेनापतीच्या मालकीची झाली, आणि बारा वर्षे त्यांनी चीनच्या शेतकऱ्याला लुटले. चीनची दैना युआनला अडवल्यामुळे झाली असे म्हणणाऱ्यांना मी विचारतो, त्या दैनेचे सरदार कोणाच्या छावणीत तयार झाले होते? आसफजाहाच्या घरीही वेगळे घडले नाही. १७४८ साली बऱ्हाणपुरास तो वारला. १७५० साली त्याचा मुलगा नासिरजंग मारला गेला, १७५१ साली नातू मुजफ्फरजंग पडला, मग फ्रेंचांच्या आधाराने सलाबतजंग बसला आणि अखेर त्याला भाऊ निजामअलीने कैदेत टाकले. तलवारीने आलेल्या सत्तेला वारस ठरवण्याचा दुसरा उपाय माहीत नसतो.

येथे कोणी मलिक अंबराचे नाव काढील, आणि ते नाव मी आदराने ऐकीन. कारण जमाबंदीची नीट घडी बसवणारा, शेतकऱ्याची जाण असलेला असा दुसरा सेनानी ह्या मुलखाने क्वचितच पाहिला. पण तो १६२६ साली गेला आणि दहाच वर्षांत, १६३६ साली, अहमदनगरची निजामशाही संपली. एवढा गुणी पुरुषही राज्य स्वतःच्या देहापलीकडे नेऊ शकला नाही, ही गोष्ट माझ्याच बाजूची आहे. मधल्या काळात, १६२९ साली, सिंदखेडच्या लखुजी जाधवांचा देवगिरीवर भर दरबारात खून झाला. तलवार हीच जेथे सनद, तेथे पराक्रमी सरदाराची किंमत एवढीच राहते. शिवाजी महाराजांचे नाव ह्या वादात ओढणाऱ्यांना मात्र मी स्पष्ट सांगतो की ते दुसऱ्याची फौज घेऊन पळालेले सुभेदार नव्हते. वतने-जहागिरी न वाटता खजिन्यातून रोख पगार देणे, कारभार अष्टप्रधानांत विभागणे, आणि शिपायाने रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये ही ताकीद, ह्या सर्वांचा अर्थच फौजेला राज्याच्या ताब्यात ठेवणे हा होता.

आणि मराठ्यांनी साखरखेर्ड्याच्या पापातून स्वतःला वगळू नये. १७२० साली बाळापुरावर मराठी पथके निजामाविरुद्ध लढली. चार वर्षांनी साखरखेर्ड्यावर स्वतः बाजीराव निजामाच्या बाजूने उभा राहिला आणि त्याबद्दल त्याला मनसब मिळाली. दुसऱ्याच्या घरात सनद मोडून सेनापती वर चढतो, त्यात आपला काय तोटा, असा तो हिशेब होता. तीनच वर्षांत त्या सेनापतीने चौथाई अडवून विचारले की खरे छत्रपती कोण, साताऱ्याचे शाहू की कोल्हापूरचे संभाजी, आणि मराठी दौलतीच्या भाऊबंदकीवर बोट ठेवले. ज्याला आपल्या धन्याची सनद बांधत नाही, त्याला मित्राचा करार कसा बांधणार? लष्करी माणूस यावा म्हणून आज जे टाळ्या वाजवतात, ते बाजीरावाहून अधिक चतुर आहेत असा त्यांचा समज असेल, तर तो त्यांनी तपासून घ्यावा.

शेवटचा आक्षेप असा येतो की ती दौलत संपवली तीही फौजेनेच. होय; आणि ती कोणती फौज होती हे मला अवश्य सांगू द्या. १९४८ च्या सप्टेंबरात लोकांना जबाबदार असलेल्या मंत्रिमंडळाच्या हुकुमाने जी फौज हैदराबादेत शिरली, तिचे सेनापती मेजर जनरल जयंतनाथ चौधरी हे त्या राज्याचे लष्करी गव्हर्नर झाले. आसफजाहाला मिळाले होते त्याहून त्यांच्या हाती काय कमी होते? जिंकलेले राज्य होते, मागे विजयी फौज होती, भरलेली कोठारे होती, आणि समोर नामोहरम झालेला निजाम होता. १९४९ च्या अखेरीस दिल्लीचा हुकूम आला, आणि चौधरींनी राज्याचा कारभार मुलकी अधिकाऱ्याच्या, वेल्लोडींच्या, हवाली केला. त्यांना शिकारीचे निमित्त लागले नाही की पायाचे दुखणे. ते उठले आणि आपल्या पलटणीकडे परत गेले. १९५२ साली तेथल्या लोकांनी मते देऊन बूर्गुल रामकृष्णरावांचे मंत्रिमंडळ बसवले. साखरखेर्ड्यावर ज्या दौलतीचा पाया एका परत न गेलेल्या सेनापतीने घातला होता, ती त्या वर्षी, दोनशे अठ्ठावीस वर्षांनी, तिच्या रयतेच्या ताब्यात आली.